अडतीसचा दगड

मार्च ४, सोमवार

ही वही नणंदेनं दिली. ती डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला आहे, पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालते. औषध कंपन्या तिथे दरवर्षी अशा वह्या वाटतात. पुठ्ठ्यावर पापण्यांसकट एक भलामोठा डोळा छापलाय. आमच्या घरात डोळ्यांचा विषय आधीच कमी होता, म्हणून ही भर. पण कोरी वही माझ्याच्यानं फेकवत नाही, तेव्हा लिहायला घेतलं.

लिहिण्यासारखं आज एकच घडलं. जेवता जेवता पेंटर म्हणाले, "तळ्यावर जाऊ या. सायकलनं."

पेंटर म्हणजे माझे यजमान. सगळी गल्ली त्यांना पेंटर म्हणते, म्हणून मीही मनात तेच म्हणते. तोंडावर अर्थात 'अहो'. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि रस्तेखात्यासाठी अंतराचे दगड. दोन वर्षांपूर्वी डावा डोळा गेला. उजवाही हळूहळू मिटत चाललाय. डॉक्टर म्हणाले होते, पुढचा पावसाळा संपेपर्यंत पुरला तर पुरला. तो पावसाळा आता तीन महिन्यांवर आलाय.

मी म्हटलं, अडतीस किलोमीटर आहे, बसनं जाऊ. तर म्हणे बसच्या खिडकीतून सगळं पळतं. "ते तळं मला एकदा डोळे भरून बघायचंय. मग काय व्हायचं ते होऊ दे." असं म्हटल्यावर माणसानं काय बोलायचं? हो म्हटलं आणि सुईत दोरा ओवायला बसले. तीनदा चुकला. मी रफू करणारी बाई आहे, माझा दोरा चुकत नाही.

मार्च ९, शनिवार

जिन्याखालची जोडसायकल बाहेर काढली. अकरा वर्षांची धूळ, सीटवर पोती, मागच्या चाकात कोळ्यानं संसार थाटलेला. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पेंटरांनी दोन जुन्या सायकली एका वेल्डर मित्राकडून जोडून घेतल्या होत्या. ते पुढे, मी मागे. गल्लीतले लोक 'इंजिन आणि डबा आला' म्हणायचे. म्हणोत बापडे, दर रविवारी डबा भटकायला जायचा आणि बोलणारे ओट्यावर बसून राहायचे.

जोडसायकलवर मागे बसणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही. समोर नवऱ्याची पाठ. जे काही दिसतं ते डावीकडचं नाही तर उजवीकडचं. तळ्याचा रस्ता मला विचाराल तर मी असा सांगेन: डावीकडे विटांची भट्टी, मग उजवीकडे लांबच लांब पडकी भिंत, मग डावीकडे पांढरं पंपघर. पंपघर आलं की सायकल डावीकडे कलते आणि उतार लागतो. वळण कसं दिसतं ते पेंटरांना ठाऊक. त्यांच्या लेखी तो रस्ता म्हणजे अडतीस दगड, सगळे त्यांनीच रंगवलेले. अडतीसचा दगड आला की डावीकडे वळायचं.

सायकलवाल्यानं चाकं फिरवून पाहिली आणि आमच्याकडेही तशाच नजरेनं पाहिलं. म्हणाला, सायकलची दुरुस्ती होईल काकू, बाकीचं तुमचं तुम्ही बघा.

मग पेंटरांनी बाँब टाकला. पुढे मी बसायचं, मागे ते. कारण विचारलं तर गुडघा दुखतो, आणि पुढे बसणाऱ्याला सगळा वेळ रस्ता बघावा लागतो. त्यांना ह्या खेपेला रस्ता सोडून बाकी सगळं बघायचंय. मला पटलं. खरं सांगायचं तर आवडलं. एकतीस वर्षांनी डब्याचं इंजिन झालं.

मार्च १७, रविवार

सराव. शाळेमागच्या मैदानात दोनदा पडलो. माझं कोपर फुटलं, त्यांना काही झालं नाही. मागे बसून त्यांच्या सूचना चालूच, म्हणजे निव्वळ उंटावरून शेळ्या हाकणं. मी चिडून म्हटलं, एवढं आहे तर या पुढे. सूचना बंद झाल्या. मलाच वाईट वाटलं.

मार्च २९, शुक्रवार

आजकाल पेंटरांचा स्वभाव दोन्हीकडून बदलत चाललाय. एकीकडे चिडखोर. केर काढताना मी खुर्ची वीतभर सरकवली तर त्यांना ठेच लागली आणि केवढा आरडाओरडा. वस्तू जागच्या जागी हवी म्हणजे हवी. रंगाचे ब्रश मेले कधी ठिकाणावर नसायचे, आणि आता मिठाची बरणी कुठे ठेवायची ते मला शिकवतात.

दुसरीकडे मात्र भलतीच माया. रस्त्यानं जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून चालतात. लग्न झालं तेव्हासुद्धा चार पावलं पुढे चालायचे. समोरच्या बाई हसतात, म्हातारपणी पालवी फुटली म्हणतात. हसू देत. पेपरही मीच वाचून दाखवायचा. म्हणतात, तुझ्या आवाजात बातम्या कमी वाईट वाटतात.

मी ह्या पानावर कबूल करते की मला हे सगळं आवडतंय. डोळा जाण्याच्या निमित्तानं का होईना, नवरा जवळ आला.

एप्रिल ७, रविवार

कधी निघायचं ह्यावरून वाद. मी म्हटलं पुढच्याच रविवारी, पहाटे, ऊन चढायच्या आत. ते म्हणतात मे महिना हवा आणि भर बारा वाजता तळ्यावर पोचायला हवं. "कडक उन्हात मला सगळ्यात जास्त दिसतं. सावलीत सगळं एकमेकांत मिसळतं." मी म्हटलं, उन्हानं मरायला होईल. तर म्हणे टोपी घालू.

नणंद आली होती. तिला बेत सांगितला तर भावाकडे बघत राहिली. डिसेंबरपासून पेंटरांना तपासायला तीच नेते. माझा कामाचा दिवस मोडू नये म्हणून हे त्यांनीच ठरवलं. मी तिला जिन्यापर्यंत पोचवायला गेले तेव्हा म्हणाली, "वहिनी, त्याला किती दिसतं असं तुला वाटतं?" मी म्हटलं, रस्ता दिसतो, माणसं दिसतात, अक्षर दिसत नाही. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं आणि चप्पल घातली. पूर्वीपासून अशीच आहे, ताकास तूर लागू देत नाही.

एप्रिल २१, रविवार

सोळा किलोमीटर जाऊन आलो. पडलो नाही. पाय लाकडासारखे झालेत.

परत आल्यावर त्यांनी पाटीची गोष्ट सांगितली. ही मी शंभर वेळा ऐकलीय, आजही अर्ध्याच कानानं ऐकली, कारण एका कोटाच्या कोपराचं रफू चाललं होतं. तळ्यावरची पाटी ही त्यांच्या आयुष्यातली पहिली पाटी. उतार संपतो तिथे, पाण्याच्या काठावर आहे ती. साहेबानं दोन ओळी लिहायला सांगितलं होतं. वर 'खोल पाणी. पोहू नये.' आणि खाली 'हुकमावरून'. पेंटर तेव्हा वीस-बावीसचे, हौस दांडगी. पहिलीच ओळ एवढी मोठी काढली की फळी संपली. साहेब भडकला. हे म्हणाले, साहेब, पाणी खोल आहे, आणखी हुकूम कशाला हवा? साहेबाला हसू आलं आणि पाटी तशीच एका ओळीची राहिली. त्या पाटीखाली सगळ्यात आधी पोहलेला माणूस म्हणजे ते स्वतः. दहा वर्षांनी दुसरी मी.

ती पाटी त्यांना बघायचीय. हे आज पहिल्यांदा बोलले. माणूस गेला तरी अक्षर राहतं म्हणाले, आणि मग म्हणाले, पण बघणारा पाहिजे. मी सुई थांबवली नाही. थांबवली असती तर रडले असते.

मे ११, शनिवार

उद्या निघायचं. पाण्याच्या सहा बाटल्या, मीठ-साखर, उकडलेली अंडी, पाव, दोन टोप्या, एक छत्री. सायकलवाल्यानं ब्रेक नवे घातले. आज उन्हानं दारापुढचं डांबर मऊ झालं होतं. पेंटर दुपारभर खिडकीत तोंड करून बसले होते, जणू उन्हाची चव बघतायत.

मला भीती वाटतेय. पण भीती वाटते म्हणून नाही गेलो आणि पाऊस संपता संपता डोळा गेला, तर पुढची सगळी वर्षं मी स्वतःला काय सांगू?

मे १४, मंगळवार

दवाखान्यात. पेंटरांना झोप लागलीय, हातात सलाईन. वही पिशवीत राहिली होती. सगळं क्रमानं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

रविवारी साडेसातला निघालो. पहिले दोन तास मजेत गेले. मला समोरचा रस्ता दिसत होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी तो येताना पाहिला, नाहीतर कायम जातानाच बघितलेला. मी लहान पोरीसारखी बडबडत होते: पूल आला, चढ आला, म्हैस आली. ते मागून विचारत होते, कशी आहे, काळी की भुरी? मी म्हटलं, म्हशी भुऱ्या कुठे असतात? खूप हसलो.

त्यांना दर थोड्या वेळानं अंतराच्या दगडाशी थांबायचं होतं. उतरून, माझ्या खांद्याला धरून जायचे आणि दगडावरून बोटं फिरवायचे. आकडे पाथरवटानं आधी कोरलेले आणि ह्यांनी त्यात काळा रंग भरलेला. "अकरा," म्हणायचे, "चौदा." स्वतःच्या कामावर माणूस असा हात फिरवतो तेव्हा बघवत नाही. मी तोंड फिरवून पाणी प्यायचे.

अठराच्या पुढे रस्ता रुंद केलेला निघाला. डावीकडची विटांची भट्टी पाडून टाकलेली, उजवीकडची भिंतही. पुढच्या दगडापाशी थांबलो. दगड जुनाच होता, पण त्यावर कुणीतरी पिवळ्या रंगाचा जाड थर फासला होता आणि वर गचाळ, ओघळ आलेल्या अक्षरात आकडा टाकला होता: पंचवीस. पेंटरांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "एकवीस. रंग टिकलाय ना गं माझा?"

आता मी काय सांगायला हवं होतं? की तुमचं अक्षर पुसलं म्हणून? जे शेवटचं बघायला निघालायत, त्यातलं निम्मं आधीच गेलं म्हणून? मला वाटलं, ह्यांना रंगाचा फरक कळत नाहीये तेच बरं. मी म्हटलं, "जसाच्या तसा आहे. काल रंगवल्यासारखा."

वाकून पाहिलं तर पिवळ्या थराखाली कोरलेला आकडा खरंच एकवीस होता. पुढच्यावर रंगानं एकोणतीस, खाली कोरलेले पंचवीस. म्हणजे कुठल्यातरी ठेकेदारानं रुंदीकरणात दगड उपटले, नंतर जिथे सुचले तिथे पुरले आणि वरून नवे आकडे टाकले. किंवा रंगवणाऱ्याचंच चुकलं. मला वाटलं, कोरलेलं कसं चुकेल, चुकतो तो रंगच. आणि रंगातला आकडा तोंडातून निघाला असता तर सगळंच निघालं असतं. म्हणून गप्प बसले. माझ्या हातून झालेली चूक ती हीच.

अकरा वाजून गेल्यावर ऊन असं झालं की श्वास घेतला तर छाती भाजायची. सावली नाही, कुत्रं नाही. चार बाटल्या संपल्या. एके ठिकाणी डावीकडे मला पांढरं पंपघर दिसलं. दाराला कुलूप, भिंतीला भेगा. मी पायडल मारायची थांबले. पण तिथल्या दगडावर पेंटरांचं बोट चौतीस सांगत होतं. रंगानं अडतीस लिहिलेलं मी बघत होते. आणि आजूबाजूला ओळखीचं काही नव्हतं. एवढी वर्षं मी ते पंपघर मागच्या सीटवरून बाजूनं जाताना पाहिलं होतं, आता समोरून येताना पाहिलं, ते तेच की दुसरं ते ठरवता येईना. पंपघरं काय, सगळी सारखीच. ते म्हणाले, "अजून चार. आज रस्ता लांबलाय जरा." मी सायकल पुढे काढली.

कोरलेल्या अडतीसपाशी डावीकडे कच्चा रस्ता होता. वळलो. उतारही लागला. ते मागून म्हणाले, "उतार. आलंच." त्यांच्या आवाजात असा आनंद मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

उतार संपला तिथे दगडाची खाण होती. पांढऱ्या दगडाची, तीन मजले खोल, रविवार म्हणून बंद. पाण्याचा टिपूस नाही. बारा वाजून गेले होते आणि सगळी खाण उन्हानं पेटल्यासारखी झळकत होती. मला डोळे उघडे ठेववेनात. चुकलो असं सांगायला मी मागे वळले.

ते उतरले होते. टोपी काढून त्या झळाळीकडे तोंड करून उभे होते आणि चेहरा उजळला होता. म्हणाले, "केवढं पाणी आहे गं. नुसतं चमकतंय."

मी त्यांच्या डोळ्याकडे बघितलं. बारा वाजताच्या उन्हात उजवा डोळा सताड उघडा होता. पापणी लवत नव्हती.

तेव्हा मला कळलं. खांद्यावरचा हात, खुर्ची, मिठाची बरणी, पेपर, दगडांवरची बोटं, सगळं एकदम कळलं. आंधळी मीच होते. माझ्या घरात आंधळा माणूस कित्येक महिने वावरत होता आणि मी त्याला प्रेम समजत होते.

पत्र्याच्या शेडमधून राखणदार बाहेर आला आणि ओरडणार एवढ्यात मी ओठांवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या डोळ्यांना लावून पेंटरांकडे दाखवलं. म्हातारा होता, समजला. डब्यातून पाणी घेऊन आला. पेंटर पाणी प्यायले आणि त्याला विचारलं, "ह्या तळ्याचं पाणी कधी आटतं का हो?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, खाणीत बघितलं. म्हणाला, "आटत नाही. उलट दर वर्षी आणखी खोल होतं."

"आज पक्षी नाहीत," पेंटर म्हणाले. मी म्हटलं, उन्हाचे झोपले असतील.  वारा होता, पण तोही भट्टीतून आल्यासारखा.

मग म्हणाले, "पाटी आहे ना अजून?"

"आहे की."

"दुसरी ओळ वाच बरं. माझ्या डोळ्यात घाम गेलाय."

माझं डोकं चालेना. दुसऱ्या ओळीचं काहीतरी हुकमाचं होतं एवढंच आठवलं. मी म्हटलं, "हुकमावरून."

 "बरोबर," म्हणाले आणि टोपी घातली. "चल, निघू या. बघून झालं."

दोनशे पावलं चढलो असू. त्यांचा घाम थांबला, कातडी कोरडी पडली आणि ते रस्त्यातच खाली बसले. मला ओळखेनात. राखणदारानं फोन करून एक टेम्पो बोलावला. मागे सायकल आडवी टाकली, शेजारी पेंटरांना, डोळ्यांवर ओलं फडकं. मी छत्री धरून बसले होते. पंपघराशी टेम्पो हळू झाला तेव्हा टेम्पोच्या उंचीवरून मला पंपघरामागचा उतार दिसला. तळं तिथेच होतं, म्हणजे तळ्याची जागा. तळाला भेगा पडून खपल्या उचलल्या होत्या. ड्रायव्हर म्हणाला, तीन वर्षं झाली आटून. मधोमध नाही, कडेलाच, पेंटरांची पाटी उभी होती. अक्षरं काळी कुळकुळीत, लांबून वाचता येतील एवढी. खोल पाणी. पोहू नये. अठराच्या पुढे त्यांचं तेवढंच काय ते उरलं होतं, आणि ते मी फडक्याखालच्या माणसाला सांगू शकले नाही, कारण आम्ही तळ्यावरून परत येत होतो.

मे १६, गुरुवार

उद्या घरी सोडणार. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे नशीब, त्या वयात त्या उन्हात कोण जातं. मी मान खाली घातली.

पेंटर शुद्धीवर आहेत, बोलतात. नर्सना तळ्याचं वर्णन सांगितलं. पाणी किती होतं, उन्हात कसं चमकत होतं. मी शेजारी बसून हो हो करत होते. मनात म्हटलं, चला, एवढं तरी पदरात पडलं. चुकीच्या जागी का होईना, माणूस समाधानी झाला. माझं खोटं कामाला आलं.

आत्ता ते झोपल्यावर मी परवाचं पान वाचत होते. पाटीचं लिहिलंय तिथे थांबले. टेम्पोतून दिसलेली पाटी डोळ्यांपुढे आणली. खोल पाणी, पोहू नये, आणि खाली फळीची कड. मग मागची पानं चाळली. एप्रिल एकवीस. माझ्याच हातानं लिहिलंय: पाटी तशीच एका ओळीची राहिली.

दुसरी ओळ कधी नव्हतीच.

म्हणजे त्यांना माहीत होतं. पाण्याचा वास नाही, गारवा नाही, पक्षी नाहीत. खाणीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला ते कळलं होतं, आणि डोळे असलेली मी दिसतंय ते खरं सांगते का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हुकमावरून म्हटलं. आणि ते बरोबर म्हणाले.

मे २२, बुधवार

नणंदेला विचारलं. आता लपवण्यासारखं उरलंय काय? ती आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून रडली. उजवा डोळा डिसेंबरातच गेला होता. डॉक्टरांची पावसाळ्याची मुदत एवढी लवकर संपली. फक्त कडक उन्हाचा उजेड तेवढा कळायचा, पांढरं काहीतरी, बस. पेंटरांनी तिला शपथ घातली होती.

"का पण?" मी म्हटलं. "मी काय टाकून देणार होते?"

"तो म्हणाला, तिला कळलं तर ती म्हणेल, आता कशाला जायचं. मग आम्ही कुठेच जाणार नाही. दोन महिने तरी कुठेतरी निघालोय असं राहू दे."

बाहेरच्या खोलीत पेंटर रेडिओ ऐकत होते. त्यांनी आवाज मोठा केला. आमचं बोलणं ऐकू जात होतं की नाही, मला ठाऊक नाही.

जोडसायकल सायकलवाल्याकडे परत नेली. पुन्हा वेगळ्या करून दोन होतील का विचारलं. म्हणाला, एवढ्या जुन्या जोडाला हात लावला तर दोन्ही जातील. म्हणून आणून पुन्हा जिन्याखाली ठेवली. पोती टाकली.

मे २६, रविवार

आज गावात कुणी बाहेर नाही एवढं ऊन आहे. मी कपडे वाळत घातले आणि दुसरी बादली भरेपर्यंत पहिले वाळलेही. रफूला एक शाल आलीय. उभे धागे नीट धरलेत, आडवे घालायचेत. ह्या कामात भोक बुजतं, पण बोट फिरवलं की कळतंच. मी गिऱ्हाइकांना तसं सांगते. सांगायला हवं, नाहीतर फसवल्यासारखं होतं.

पेंटर त्यांच्या खुर्चीत, खिडकीत. खुर्ची मी आता सूतभरही हलवत नाही. बारा वाजता ऊन थेट त्यांच्या तोंडावर आलं. मी शालीवरून मान वर करून बघत होते. टोपी नाही, फडकं नाही. ते तोंड जरा इकडे, जरा तिकडे करत राहिले, काहीतरी शोधल्यासारखं. हात पुढे करून उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला. मग हात मांडीवर ठेवला.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "आज ढग आलेत का गं?"

 सुईत दोरा होता, तो उगीच ओढला.

"हो," मी म्हटलं. "सकाळपासून आहेत."

"बरोबर," ते म्हणाले.